नाडीला रकाना नाही

सकाळी 6.20

चहाचं आधण ठेवण्याआधी दंडाला पट्टा बांधायचा, हा गेल्या चार महिन्यांचा नेम. खुर्चीला पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. यातलं सगळ्यांत अवघड कलम म्हणजे ती पाच मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला आठवतं की कुंड्यांना पाणी घातलं नाही, तिसऱ्याला स्टॉकिस्टचं बिल, चौथ्याला काल रात्री कुकरची शिट्टी कुठे ठेवली ते. तरी बसते. 132/84, नाडी 80. मिनिटभर थांबून पुन्हा: 128/84, नाडी 78. दोन्ही आकडे वहीत.

वहीचं पहिलं पान सात वर्षांपूर्वीचं. तिथे 116/74 आणि नाडी 70 लिहिलंय. तेव्हा मी 41 वर्षांची होते. मुलाला एडीएचडी आहे हे समजावून सांगता सांगता त्याच्या डॉक्टरीण बाई मधेच थांबल्या आणि मला म्हणाल्या, “घरात आणखी कुणी असं आहे का?” तेवढ्या वेळात मी त्यांच्या टेबलावरचं पेन तीनदा उघडून मिटलं होतं. दोन महिन्यांनी माझंही निदान झालं. चाळीस वर्षं जिला सगळे वेंधळी, धांदरट, ‘हिच्या डोक्यात वारं शिरलंय’ म्हणत आले, तिच्या वेंधळेपणाला चार अक्षरांचं नाव मिळालं आणि रोजची एक गोळी मिळाली: मिथाइलफेनिडेट.

116 वरून 130 च्या आसपास. यातलं किती गोळीचं, किती वाढलेल्या सहा किलोंचं, किती पाळी जाण्याच्या वयाचं आणि किती बाबांकडून आलेलं? बाबांना पन्नाशीत बीपीची गोळी लागली होती. चार धाग्यांचा हा गुंता मला सोडवता येत नाही. शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय.

7.30

पोह्यांबरोबर गोळी. उपाशीपोटी घेतली की माझं पोट ढवळतं. शिवाय भूक मेली की दुपारपर्यंत चहावर निभावते, आणि चहाचेही ठोके वेगळे.

या गोळीचं काम थोडक्यात असं. मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचे निरोपे असतात. निरोप देऊन झाला की पेशी त्यांना परत आत ओढून घेतात. गोळी ती परतीची वाट अडवते, निरोपे जास्त वेळ बाहेर रेंगाळतात आणि माझ्यासारखीचं लक्ष एका जागी टिकतं. पण नॉरअ‍ॅड्रेनालिन काही मेंदूचं घरजावई नाही. हृदयाला ‘पळ’ आणि रक्तवाहिन्यांना ‘आवळ’ हे सांगणारं तेच. म्हणून लक्ष आणि ठोके एकाच पुडीत येतात. औषधाच्या माहितीपत्रकात सरासरी वाढ दिलेली असते: नाडी मिनिटाला 3 ते 6 ठोके, बीपीचा वरचा आकडा 2 ते 4. वाचून वाटतं, एवढंच ना! पण सरासरी ही फार सोज्वळ बाई आहे. दहाजणांपैकी सातांचं काहीच हललं नाही आणि तिघांचं दहा-दहाने वाढलं, तरी ती शांतपणे ‘तीन’ म्हणून मोकळी होते.

8.45

शटर वर. देवाला उदबत्ती, फ्रिजचं तापमान, मग मागच्या खोलीतलं छोटं लोखंडी कपाट. त्याची चावी माझ्या गळ्यात असते, मंगळसूत्राच्या शेजारी.

सदाशिव पेठेत औषधाची दुकानं पावलोपावली आहेत, पण हे कपाट त्यांतल्या थोड्यांकडेच. कारण मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. माल कुलपात ठेवायचा, त्या कपाटात दुसरं काही ठेवायचं नाही. वेष्टणावर डाव्या कोपऱ्यात लाल रंगात एक्सआरएक्स. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक माणसाला परत, दुसरी आमच्याकडे दोन वर्षं जपून. शिवाय रजिस्टर: तारीख, रुग्णाचं नाव, पत्ता, डॉक्टरांचं नाव, गोळ्या किती, बॅच नंबर, एक्स्पायरी, फार्मसिस्टची सही. इन्स्पेक्टर आले की पहिल्यांदा हेच मागतात आणि कपाटातल्या गोळ्या स्वतः मोजतात. एक कमी भरली तर माझी धडगत नाही.

हे सगळं व्यसनाच्या भीतीपायी, आणि ती भीती खोटी नाही. या दुकानात मी ती पाहिली आहे. पण इतकी वर्षं तो जाड रूळ ओढलेला कागद भरताना एक गोष्ट सलत राहते. गोळी कुठल्या कारखान्यातून आली, कुठल्या घरी गेली, हे सरकारला ठाऊक. ती ज्या छातीत गेली तिथे काय चाललंय, हे लिहायला त्यात जागाच नाही. नाडीला रकाना नाही.

तर मी साधी शंभर पानी वही केली आहे, काउंटरच्या खणात. सक्ती कुणावर नाही. गोळी न्यायला जो येईल त्याला विचारते, “मागचं बीपी कधी घेतलंत?” हो म्हटलं तर स्टुलावर बसवते. तीन मापांचे पट्टे आहेत. लहान मुलाच्या काडीएवढ्या दंडाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला की आकडा खोटाच कमी येतो, आणि जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की खोटाच जास्त. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी आया निर्धास्त आणि कितीतरी काका हवालदिल आहेत.

माझी स्वतःची गोळी मात्र मी माझ्या कपाटातून घेत नाही. ती लक्ष्मी रोडपलीकडच्या एका दुकानातून, रीतसर दोन प्रती देऊन. तिथल्या रजिस्टरात माझं नाव आहे.

9.40

वारज्याहून एक गृहस्थ आले. हातात कोरी करकरीत चिठ्ठी, दोन्ही प्रती. मुलगा नऊ वर्षांचा, गोळी पहिल्यांदाच. काउंटरवर चिठ्ठी ठेवली पण बोटं तिच्यावरून उचलली नाहीत.

“ताई, ही हार्टला वाईट असते ना? मेव्हण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय.”

हा प्रश्न मला आठवड्याला दोनदा तरी येतो, आणि उत्तर देताना मी नेहमी अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासापासून सुरुवात करते. 2006 साली तिथल्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 8 विरुद्ध 7 मतांनी म्हटलं होतं की या औषधांवर सगळ्यांत कडक, काळ्या चौकटीतला इशारा हृदयासाठी छापा. एका मताचा फरक. यावरून कळावं की जाणत्यांतही केवढा घोळ होता. मग मोजणी झाली. 12 लाख मुलं आणि तरुण, अचानक हृदय बंद पडणं, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात मिळून 81 घटना. म्हणजे वर्षाला लाखामागे साधारण तीन. आणि गोळी चालू असलेल्यांत त्या जास्त आढळल्या नाहीत. हे 2011 साली छापून आलं. आई-वडिलांना हा आकडा सांगितला की खांदे जरा खाली येतात.

पण हा दिलासा चार प्रश्नांनंतरचा आहे, आधीचा नाही. ते मी विचारले.

“पळताना, खेळताना कधी चक्कर येऊन पडलाय?” नाही. “छातीत दुखतं, धाप लागते, धडधडतं असं म्हणतो?” नाही. “जन्मतः हृदयात छिद्र, आवाज, असं काही सांगितलं होतं?” नाही. “घरात कुणाला हार्टचा त्रास?”

“नाही. डॉक्टरांनी पण विचारलं होतं. कुणाला नाही.”

इथे थांबायचं नसतं, हे मी शिकले आहे. तोच प्रश्न उलटा करून विचारायचा. “घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का? झोपेत, खेळताना, पोहताना?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “माझा धाकटा भाऊ. सव्वीसचा होता. कबड्डी खेळताना पडला तो उठलाच नाही. पण त्याला हार्टचं काही नव्हतं हो ताई, पैलवान गडी होता.”

‘हार्टचा त्रास’ म्हणजे ज्याच्या गोळ्या चालू आहेत, ज्याची अँजिओग्राफी झाली आहे तो. जो एका क्षणात गेला त्याला कुठला त्रास? त्यामुळे फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जातं, आणि लिहिणारा खोटं बोलत नसतो. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. तरण्याताठ्या, खेळत्या माणसांचा जीव अचानक जातो तेव्हा त्यामागे पुष्कळदा तो निघतो. त्या भावाचं तसंच झालं असेल असं नाही. पण सख्खा काका असा गेला असेल, तर नऊ वर्षांच्या मुलाला ठोके वाढवणारी गोळी देण्यापूर्वी त्याच्या हृदयात एकदा डोकावून बघायला हवं.

मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर चांगले आहेत, एक वाक्य ऐकलं आणि म्हणाले, “थांबवा. आधी ईसीजी, इको, आणि मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांचं मत. त्यांना माझ्याकडे पाठवा.” सगळ्याच मुलांचा ईसीजी काढावा का, यावर 2008 मध्ये अमेरिकेत हृदयाच्या डॉक्टरांच्या संघटनेची आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची चांगलीच जुंपली होती. शेवटी मत स्थिरावलं ते असं: सरसकट नको, पण इतिहास नीट विचारा, छाती नीट तपासा, आणि कुठे खटकलं तर काढाच. ‘नीट विचारा’ हे त्यातलं कळीचं.

“म्हणजे विषच की ही गोळी,” गृहस्थ म्हणाले.

“अजिबात नाही. तपासणी स्वच्छ आली तर मी स्वतः तुमच्या हातात देईन. आणि तुम्हीही एकदा तुमचा इको करून घ्या. सख्खा भाऊ होता तुमचा.”

हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. दोन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या आणि बाहेर जाऊन ते बराच वेळ स्कूटरला किल्ली न लावता बसून राहिले.

11.10

माझं बीपी, गोळीचा अंमल पुरता असताना. 138/88, नाडी 90. पुन्हा: 138/86. सकाळच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा महत्त्वाचा. पुष्कळजण गोळी न घेता सकाळी सकाळी डॉक्टरकडे जातात आणि ‘नॉर्मल’ ऐकून परत येतात.

12.30

हिंजवडीचे एक साहेब येतात, चाळिशीचे. महिन्यातून दोनदा दिसतात, दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या घेऊन. एक मानसोपचारतज्ज्ञांची, एक फिजिशियनची. मिथाइलफेनिडेट दोन वर्षांत दिवसाला 20 वरून 30 वर आणि मग 40 वर गेलं. त्याच दोन वर्षांत बीपीचं टेल्मिसार्टन 40 सुरू झालं, मग त्याला अ‍ॅमलोडिपिन 5 ची जोड लागली. एक गोळी वर ढकलते, दुसरी खाली ओढते, आणि साहेब मधल्या मधे दोघींचे पैसे भरतात.

दोन्ही डॉक्टरांची काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची एकमेकांशी ओळख नाही, एवढंच. फिजिशियनला ‘डोक्याची गोळी’ सांगायला साहेबांना संकोच वाटतो, आणि मानसोपचारतज्ज्ञांना बीपीचं सांगावं हे त्यांच्या मनातच येत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दिसतात ती जागा पृथ्वीतलावर एकच, माझा काउंटर. आज मी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, वर तारखा, खाली डोस, शेजारी माझ्या वहीतले त्यांचे पाच आकडे. “याचे मोबाइलवर फोटो काढा आणि दोघांनाही पाठवा. बाकी काही बोलू नका.”

जाताना त्यांनी सर्दीची नेहमीची स्ट्रिप मागितली. ती मी दिली नाही. तिच्यातलं नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन रक्तवाहिन्या आवळूनच ते काम करतं. वाफ घ्या आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारा म्हटलं. वाफ म्हटल्यावर माणसाचा जो चेहरा होतो तो त्यांचा झाला.

1.45

मुलगा डबा घेऊन आला तेवढा अर्धा तास मागच्या खोलीत. भाकरी, मेथी. मी खाते आणि वाचते. दोन्ही एकाच वेळी करू नये म्हणतात, पण एका वेळी एकच गोष्ट करणं मला गोळी घेऊनही पूर्ण जमलेलं नाही.

या औषधाचं नावच मला गमतीचं वाटतं. बाझेलच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1944 साली ते बनवलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरिट, लाडाचं रिटा. तिचं बीपी मुळात कमी असायचं, टेनिस खेळायला जाण्याआधी ती हे घ्यायची आणि तिला तरतरी यायची, अशी गोष्ट सांगतात. तिच्या नावावरून ‘रिटालिन’. म्हणजे आज आम्ही ज्याला दुष्परिणाम म्हणतो त्याच्यावरच बारशाच्या दिवशी सगळे खूश होते.

पण रिटाबाईंनी ती सामन्यापुरती घेतली. लोक आता ती दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं घेतात, आणि औषधाच्या चाचण्या चालतात आठवडे, फार तर महिने. लांब पल्ल्याचं उत्तर स्वीडनमधून आलं, 2023 च्या शेवटी. तिथे प्रत्येक माणसाचा दवाखाना आणि औषध यांची नोंद एकमेकांना जोडलेली असते. (आमचं रजिस्टर माझ्या कपाटाला जोडलेलं आहे.) एडीएचडीचे 2,78,027 लोक, वय 6 ते 64, काहींचा मागोवा 14 वर्षांपर्यंत. पाच वर्षांहून अधिक काळ गोळी घेतलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराची शक्यता, न घेतलेल्यांच्या तुलनेत, 23 टक्के जास्त. त्यातही दोनच गोष्टी ठळक: बीपीच्या विकाराची शक्यता 80 टक्के जास्त आणि धमन्यांच्या आजारांची 49 टक्के. हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणं, ठोके अनियमित होणं यांत मात्र खात्रीने म्हणावी अशी वाढ नाही. चढण पहिल्या तीन वर्षांत जास्त, मग सपाटी. आणि वाढ दिसते ती मुख्यतः मोठ्या डोसला, मिथाइलफेनिडेटच्या हिशेबात दिवसाला साधारण 45 मिलिग्रॅमच्या पुढे.

मी 40 वर आहे. पाच मिलिग्रॅमचं अंतर म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे, हे मला कळतं. तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पाच बोटांवर मोजले होते.

टक्के ऐकले की माणूस घाबरतो, टक्का कशाचा हे विचारत नाही. शंभरात चौघांना होणारी गोष्ट पाचांना झाली तरी ती 25 टक्के वाढ. म्हणून ‘80 टक्के’ हा शब्द मी काउंटरवर उच्चारत नाही. ‘बीपी वाढायची शक्यता खरी आहे, ते मोजता येतं आणि आवरताही येतं’ असं म्हणते. आणि त्याच स्वीडनमधून 2024 मध्ये आलेला दुसरा आकडा जोडीला ठेवते: एडीएचडीचे 1,48,578 लोक, निदानानंतरच्या दोन वर्षांत मृत्यू, औषध सुरू केलेल्यांत 10 हजारांमागे 39, न सुरू केलेल्यांत 48. कारण हृदय हा मरण्याचा एकच रस्ता नव्हे. सिग्नल तोडणं, जिन्यावरून धावत उतरणं, दारू, नशा, हेही रस्तेच आहेत आणि आमच्यासारख्यांची त्यांवर वहिवाट जास्त.

माझं म्हणाल तर गोळीच्या आधीच्या वर्षी मी एका आजींना ग्लिमेपिराइड 1 च्या जागी 2 देत होते. साखर उतरवणारी गोळी, दुप्पट. कामाला असलेल्या मुलाने हात धरला म्हणून वाचल्या. आजी वाचल्या आणि मीही. त्या दिवसानंतर मी या सात वर्षांत अशी एकही चुकीची स्ट्रिप हातात धरलेली नाही. शुक्रवारी डॉक्टर ‘बंद करून बघू’ म्हणाले तर आधी हे सांगायचं आहे. डोस उतरवता येईल, औषध बदलता येईल. पण उत्तेजक नसलेलं म्हणून ज्याच्याकडे लोक आशेने बघतात ते अ‍ॅटोमॉक्सेटिनही ठोके आणि बीपी वाढवतंच. क्लोनिडिन बीपी उतरवतं, पण झोप आणतं. झोपाळू फार्मसिस्ट कुणाला हवी आहे?

4.00

गोळी उतरू लागते. उतरण मला कळते: एकाच स्ट्रिपवरची एक्स्पायरी दोनदा वाचावी लागते. महत्त्वाची बिलं मी या वेळेनंतर स्वतः तपासत नाही, दुकानातल्या मुलाला तपासायला लावते. चहा अर्धाच घेतला.

4.50

अभ्यासिकेतला एक पोरगा आला. पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं. या पेठेत असे हजारोंनी आहेत, एमपीएससीची तारीख पुढे गेली की यांचं वय एका वर्षाने वाढतं.

“मॅडम, धडधड कमी व्हायची काही गोळी हाय का? सकाळपासून लई धडधड व्हायलीय.”

स्टुलावर बसवलं. 152/96, नाडी 118. काय घेतलंस विचारलं तर आधी काहीच नाही. मग कॉफी. मग दोन कॅन एनर्जी ड्रिंक. मग खाली बघत, “रूममेटनं एक गोळी दिली. त्याच्या भावाची हाय. अभ्यासाला लई भारी लागते म्हणला.” भावाला काय आजार ते याला ठाऊक नव्हतं. गोळी किती मिलिग्रॅमची, तेही नाही. सावकाश विरघळणारी होती आणि त्याने ती चावून खाल्ली होती, ‘लवकर लागावी म्हणून’. आठ तासांत झिरपायचा माल एका घोटात रक्तात.

छातीत दुखतंय का, श्वास अडकतोय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, हे तीनदा विचारलं. नाही म्हणाला. पंख्याखाली बसवून पाणी दिलं. वीस मिनिटांनी 146/92, 110. मी त्याला एकट्याला सोडलं नाही; दुकानातला मुलगा बरोबर देऊन समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवला. ठोके खाली आणायची गोळी मागायला आला होता, ती मी द्यायला हवी होती असं त्याला अजूनही वाटत असणार.

जाताना दारात वळून म्हणाला, “घरी नका सांगू मॅडम. वडलांचं बी बीपीच हाय.”

त्याच्या घरचा नंबर माझ्याकडे नव्हता. पण वडिलांचं बीपी आहे, हे त्याने आपणहून सांगितलं. ते मी डॉक्टरांना फोन करून कळवलं.

व्यसनाच्या भीतीने केलेलं कुलूप कुठे कमी पडतं तेही इथे दिसतं. ही गोळी कुठल्यातरी दुकानातून चोख दोन प्रती देऊन, सही करून, रजिस्टरात चढवूनच बाहेर पडली असणार.

7.30

न्यू जर्सीहून मामेबहिणीचा फोन. तिकडे सकाळ. तिचा मुलगा अकरा वर्षं अ‍ॅडराल घेतोय, डिसेंबरात महिनाभर येणार, इथे मिळेल का. मिळणार नाही, तिकडे भरपूर खपणारी ती अ‍ॅम्फेटामिनची गोळी इथे दुकानात नसतेच. मूळ बाटली, डॉक्टरांचं पत्र, महिन्यापुरत्याच गोळ्या, आणि निघण्याआधी वकिलातीत चौकशी, एवढं तिला लिहून घ्यायला लावलं.

“आणि त्याचं बीपी?”

“अगं, इथे दर भेटीला घेतातच. डॉक्टर आत यायच्या आधी नर्स पट्टा बांधून मोकळी.” मला हेवा वाटला, खरं सांगते. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेत तर लिहूनच ठेवलंय: सुरू करण्याआधी, डोस बदलला की, आणि एरवी दर सहा महिन्यांनी नाडी आणि बीपी. स्वस्थ बसलेला असताना नाडी सतत 120 च्या वर राहिली तर डोस उतरवा आणि तज्ज्ञाकडे पाठवा. यातलं काहीही करायला महागडं यंत्र लागत नाही. आपल्याकडे मानसोपचाराच्या कितीतरी खोल्यांत टेबलावर टिश्यूचा डबा असतो, पट्टा नसतो.

ती पुढे तिच्या सासूबाईंबद्दल बोलत राहिली. मी ‘हं’ म्हणत रजिस्टरच्या रेघा मारल्या.

9.15

मोजणी. कपाटातल्या गोळ्या, रजिस्टरातला शिल्लक आकडा. आज मिथाइलफेनिडेटच्या चार नोंदी. जुळलं.

वारज्याच्या गृहस्थांची नोंद कुठेच नाही. न विकलेल्या गोळीला बॅच नंबर नसतो. माझ्या शंभर पानी वहीत लिहिलं: ‘मुलगा, 9. काका 26 व्या वर्षी, कबड्डी. ईसीजी-इको बाकी. सोमवारी फोन.’

अभ्यासिकेतल्या पोराचा ईसीजी डॉक्टरांनी काढला. ठोके जलद, बाकी ठीक, असा त्यांचा निरोप आला. त्यालाही एक ओळ दिली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं, तेव्हा ‘सॅकवाला’ लिहिलं.

10.40

जेवणं झाली. मुलगा सोफ्यावर पालथा पडून मोबाइल बघतोय, त्याचे पाय हवेत सारखे हलताहेत. तो आता सतराचा. त्याने दहावीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली आहे, सध्या तरी जमतंय. मी खुर्चीत बसले, पाठ टेकली, पाय खाली. पाच मिनिटं. कुंड्यांना पाणी घालायचं पुन्हा राहिलं.

यंत्र गुरगुरलं, पट्टा आवळला, सैल झाला.

“किती?” मोबाइलवरून डोळे न काढता.

“एकशे चौतीस.”

“खालचं?”

“शहाऐंशी.”

पाय हलायचे थांबले. तो उठून बसला. “जास्तच आहे ना मग?”

“थांब,” मी म्हटलं, “एक मिनिट बोलू नकोस. दुसरं घेते.”